तिसऱ्या मजल्यावरून खाली

बेल वाजली तेव्हा वहिनींचे दोन्ही हात अडकलेले होते. एका हातात फेसाने भरलेला ब्रश, दुसऱ्या हाताने नवऱ्याची हनुवटी वर धरलेली. अर्धी दाढी झाली होती, अर्धी व्हायची होती. त्यांनी बेल वाजू दिली. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा टॉवेलला हात पुसत आणि कपाळाला आठ्या घालत त्यांनी दार उघडलं.

दारात दोन माणसं उभी होती. एक उंच, वाळकुडा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. दुसरी पन्नाशीची, आखूड केसांची बाई. तीन जिने चढून दोघांनाही धाप लागली होती. म्हातारा दम खात खात बोलू लागला. तो पलीकडच्या इमारतीत राहायचा, बसवर कंडक्टर होता, आता रिटायर होऊन घरी बसला होता. बाई दवाखान्यात सिस्टर होती. कॉलनीतल्या पाच-सहा जणांनी मिळून एक गट काढला होता. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी खालच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून करायचे व्यायाम घ्यायचे, मग जमेल त्याने आवारात चालायचं. जे घराबाहेर पडतच नाहीत, त्यांच्याकडे गटातल्या लोकांनी आपण होऊन जायचं, असंही त्यांनी ठरवलं होतं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ह्यांना चालता येत नाही."

असं म्हणून त्या दार लोटणार, तेवढ्यात आतून जड, ओढल्यासारखा आवाज आला.

"आत तर येऊ दे त्यांना."

खुर्चीत बसलेला, अर्ध्या गालावर फेस असलेला हा माणूस उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करत आला होता. कॉलनी त्याला लिफ्टवाले म्हणूनच ओळखायची. शहरातल्या उंच इमारतींच्या अंधाऱ्या बोळकांडीत दोरांना लटकून काम करायचं आणि राहायला मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला. यावरून लोक त्यांची थट्टा करत, आणि लिफ्टवालेही हसून म्हणत की घरी आल्यावर तरी ऑफिसचं तोंड दिसायला नको. मग एका सकाळी दात घासताना त्यांच्या हातातून ब्रश गळून पडला. झटका आला होता. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, जीभ जड झाली. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

वहिनी तेव्हा एका कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काज-बटण करायच्या. त्यांनी नोकरी सोडली. नवऱ्याला उठवायचं, बसवायचं, आंघोळ घालायची, घास भरवायचा, रात्री कूस बदलून द्यायची, हे सगळं त्यांनी अंगावर घेतलं आणि कुणाला त्यात बोट घालू दिलं नाही. मुलगी दुसऱ्या शहरातून यायची तेव्हा म्हणायची, आई, एखादी बाई ठेवू. वहिनी ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. शेजारपाजार त्यांचं नाव घ्यायचा. कुणाच्या घरात आजारपण आलं की बायका एकमेकींना सांगायच्या, सेवा करावी तर वहिनींसारखी. वहिनी वरवर त्यावर काही बोलत नसत, पण ते बोलणं त्यांना दिवसभर पुरायचं.

आणि आता ही दोन परकी माणसं त्यांच्या खोलीत उभी राहून त्यांच्या नवऱ्याला विचारत होती, उभं राहून बघायचं का म्हणून.

सिस्टरने खुर्ची भिंतीला टेकवली, लिफ्टवाल्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधला, आणि पुढे झुकून पायांवर भार कसा द्यायचा ते दाखवलं. वहिनींना बघवेना. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासू लागल्या. बाहेरून सिस्टरचा शांत आवाज येत होता, मध्येच खुर्ची सरकल्याचा आवाज, मध्येच नवऱ्याचं कण्हणं.  मग कंडक्टरचा आवाज आला, आपल्या जुन्या धंद्यातला, अगदी ठेवणीतला. पलंग हा पहिला स्टॉप, खिडकी हा दुसरा, न्हाणीघर शेवटचा, गाडी पुढे रिकामी आहे, पुढे सरकून घ्या. आणि लिफ्टवाले हसले.

दोन वर्षांत ते हसले नव्हते. वहिनींच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण त्याच्या आधी काहीतरी टोचलं. आपण एवढं करून जे झालं नाही, ते ह्या मिशीवाल्याने दारात पाऊल टाकल्या टाकल्या केलं.

सिस्टर आणि कंडक्टर येत राहिले. खालच्या हॉलमधला कार्यक्रम आटोपला की दोघं वर चढून यायचे. कॉलनीतली पोरंटोरं ह्या गटाला हलेडुले मंडळ म्हणायची, आणि कंडक्टर ते नाव मोठ्या अभिमानाने सांगायचे. लिफ्टवाले आधी खुर्चीवरून उठून उभे राहायला शिकले. मग खिडकीपर्यंत पोहोचले. मग एका सकाळी डाव्या हाताने कप उचलून त्यांनी चहा प्यायला. निम्मा शर्टावर सांडला. वहिनी फडकं घेऊन धावल्या, तर त्यांनी तोंड बाजूला फिरवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "मी पुसतो."

आणि डाव्या हाताने, वेडंवाकडं, त्यांनी स्वतःचा शर्ट पुसला. वहिनी फडकं हातात घेऊन उभ्याच राहिल्या.

हळूहळू त्यांच्या सकाळी मोकळ्या होत गेल्या. घास भरवायला लागेना, तोंड धुवायला लागेना. लिफ्टवाल्यांना एकेका गोष्टीला फार वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ हाताची घडी घालून बसणं वहिनींना अंगमेहनतीपेक्षा जड जायचं. त्या मध्येच पुढे व्हायच्या, आणि लिफ्टवाले मान हलवायचे. भांडण असं झालं नाही. पण घरात एक अवघडलेपण आलं, पाहुणा उतरल्यावर येतं तसं.

एका शुक्रवारी वहिनींनी दार अर्धवटच उघडलं आणि दारातल्या सिस्टरला सांगितलं, आज ह्यांना बरं नाही, झोपलेत. सिस्टरने काळजीने दोन प्रश्न विचारले, वहिनींनी तुटक उत्तरं दिली, आणि दोघं जिना उतरून गेले. वहिनी दार लावून वळल्या. लिफ्टवाले पलंगाच्या कडेला बसलेले होते. सकाळपासून खटपट करून त्यांनी एका हाताने बूट चढवले होते. नाड्या सुटलेल्याच होत्या. ते वाट बघत होते, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ते काही बोलले नाहीत. रागावलेही नाहीत. जेवायला वाढलं तर थोडंसं खाल्लं. दुपारी वहिनी बूट काढायला गेल्या तर त्यांनी पाय मागे घेतला. संध्याकाळ झाली, दिवे लागले, तरी ते तसेच बूट घालून भिंतीकडे बघत बसलेले. वहिनींनी टीव्ही लावला, बंद केला. शेवटी त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि कुठे जाते ते न सांगता पलीकडच्या इमारतीत गेल्या. कंडक्टरनी दार उघडलं. वहिनी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या या. ते जागे आहेत."

कंडक्टरनी का, कसं, काही विचारलं नाही. येतो म्हणाले.

त्यानंतर पावसाळा संपता संपता लिफ्टवाले खाली उतरले. त्या दिवशी निम्मी इमारत जिन्यात होती. प्रत्येक मजल्यावर शेजाऱ्यांनी खुर्ची आणून ठेवली होती. पुढे कंडक्टर उलट्या पावलांनी उतरत होते, मागून सिस्टरने कमरेचा पट्टा धरला होता, आणि वहिनी सगळ्यात वर, कठडा घट्ट धरून. खाली पोहोचले तेव्हा सकाळचा चहा टळून जेवणाची वेळ झाली होती. लिफ्टवाले आवारात उन्हात उभे राहिले आणि वर आपल्या गॅलरीकडे बघत म्हणाले की खालून आपलं घर केवढंसं दिसतं.

पुढे ते हॉलमध्ये जाऊ लागले. खुर्चीवर बसून हात वर, हात खाली. डावा हात उजव्या हाताला उचलून वर न्यायचा. चालताना काठी असायची, आणि पाय ओढला जायचा तो जायचाच. पण व्यायाम झाल्यावर माणसं त्यांच्याभोवती बसायची आणि ते अडखळत्या जिभेने लिफ्टच्या गोष्टी सांगायचे; कुठल्या इमारतीत नवरानवरी अडकली होती, कुठे एका साहेबाने दार उघडल्या उघडल्या त्यांना मिठीच मारली होती. काही महिन्यांनी तर गटाने त्यांनाच कामाला लावलं. तळमजल्यावर एक रिटायर झालेल्या मास्तरीणबाई राहायच्या. थोरली बहीण गेल्यापासून त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतलं होतं. सिस्टर जाऊन आली, कंडक्टर जाऊन आले, बाई दार उघडत नव्हत्या. मग लिफ्टवाले गेले. काठीने दार वाजवून ओट्यावर बसले. पुढच्या वेळी पुन्हा जाऊन बसले. बाईंनी एकदाचं दार उघडलं ते त्यांना हाकलायला, पण त्यांचा ओढला जाणारा पाय आणि तीन मजले उतरून लागलेली धाप बघून त्या पाणी आणायला आत गेल्या. त्यानंतर त्या हॉलमध्ये येऊ लागल्या.

वहिनींना कंडक्टर नेहमी म्हणायचे, तुम्हीही या की खाली. वहिनी म्हणायच्या, मी धडधाकट आहे, मला काय करायचंय. त्या गॅलरीत उभ्या राहून वरून बघायच्या. आवारात माणसांची रांग फिरायची, आणि त्यात आपला माणूस कुठे आहे हे त्यांना पाय ओढण्यावरून लांबूनही कळायचं. बघता बघता त्यांना ते आवडू लागलं होतं. तसं त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही.

असंच एका शुक्रवारी त्या गॅलरीत चादर झटकत होत्या. खाली रांग फिरत होती आणि त्या दिवशी लिफ्टवाले चक्क सगळ्यांच्या पुढे होते, मागे वळून हसत काहीतरी बोलत. वहिनींना गंमत वाटली. चादर दोरीवर टाकून पुन्हा बघितलं, तर ते पाण्याच्या टाकीशी थांबलेले, भिंतीवर तळहात टेकून, दम खायला थांबावं तसे. मग हात भिंतीवरून घसरत खाली गेला आणि मागची माणसं धावली.

तीन जिने आपण कसे उतरलो ते वहिनींना नंतर कधीच आठवलं नाही. त्या पोहोचल्या तेव्हा सिस्टर गुडघ्यांवर बसून लिफ्टवाल्यांची छाती दाबत होती आणि तिच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. रुग्णवाहिका आली. पण तिची गरज उरली नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं, दुसरा झटका होता, मोठा होता, पलंगावर निजलेले असते तरी आला असता. मुलीने ते आईला पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं. पण धाकट्या दिराला ते पटत नव्हतं. घर माणसांनी भरलेलं असताना तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की आजारी माणसाला ह्या लोकांनी फिरवून फिरवून मारलं.   वहिनींच्याही मनात कुठेतरी तेच होतं. त्या दिवशी दार उघडलं नसतं तर. त्या संध्याकाळी पलीकडच्या इमारतीत गेले नसते तर.

दिराने कॉलनीच्या कमिटीकडे तक्रार नेली. कमिटी घाबरली. हॉलला कुलूप लागलं, आणि रविवारी सगळ्यांना बोलावून कायमचा निर्णय करायचं ठरलं. कंडक्टर वहिनींकडे आले नाहीत. सिस्टर एकदा येऊन त्यांचा हात हातात घेऊन बसली आणि रडून गेली.

मुलगीही परत गेली. वहिनी सवयीने पहाटे उठायच्या आणि करायला काही नसायचं. गॅलरीत उभं राहिलं की आवार रिकामं दिसायचं. मास्तरीणबाईंच्या खिडकीचे पडदे पुन्हा ओढलेले होते. ते बघून दोन-तीन दिवस वहिनींना अस्वस्थ वाटत राहिलं. शेवटी त्या खाली गेल्या आणि बाईंचं दार वाजवलं.

मास्तरीणबाईंनी दार उघडलं आणि त्यांना बघून त्यांचा चेहरा उतरला. खुर्ची दिली, स्वतः उभ्याच राहिल्या.  मग बाई म्हणाल्या की तुमचे दीर म्हणतात ते खरं नाही, मी त्यांच्या मागेच चालत होते. त्या दिवशी लिफ्टवाल्यांचा चेहरा घामाने डबडबला होता. कंडक्टरनी ते बघितलं आणि त्यांना बसायला सांगितलं. एकदा नाही, पुन्हा सांगितलं, जरा रागावूनच.

"मग?" वहिनींनी विचारलं.

"नाही बसले."

"काय म्हणाले?"

मास्तरीणबाईंनी मान खाली घातली. म्हणाल्या, ते तुम्ही कंडक्टरांनाच विचारा.

वहिनी तशाच उठून पलीकडच्या इमारतीत गेल्या. कंडक्टरच्या सुनेने दार उघडलं आणि हळू आवाजात सांगितलं की बाबा त्या दिवसापासून घराबाहेर पडलेले नाहीत. आत ते खुर्चीत बसले होते. मिशी वाढली होती, अंगावर चुरगळलेला सदरा होता. वहिनींना बघून ते उठायला लागले आणि अर्ध्यातच पुन्हा बसले.

वहिनींनी विचारलं, "तुम्ही ह्यांना बसा म्हणाला होता?"

कंडक्टरनी होकार दिला.

"मग कमिटीत सांगितलं का नाही तुम्ही? लोक तुम्हाला काय काय बोलतायत."

"गेलेल्या माणसावर ढकलू का वहिनी?" कंडक्टर म्हणाले. "मीच त्यांना खाली आणलं. माझ्यासमोर गेले. लोक बोलले तर बोलू दे."

बाहेर कुणीतरी जिन्यातून मोठ्याने बोलत गेलं. तो आवाज विरेपर्यंत दोघं थांबले.

"काय म्हणाले ते, बसा म्हटल्यावर?"

कंडक्टर सांगायला तयार नव्हते. आता आठवत नाही म्हणाले, मग म्हणाले सोडून द्या. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. शेवटी खिडकीकडे बघत ते म्हणाले, "म्हणाले, दोन वर्षं बसलोच होतो की."

वहिनींनी ते ऐकलं. त्या दोन वर्षांतली एकेक सकाळ त्यांना माहीत होती. भरवलेला एकेक घास. रात्री उठून बदललेली एकेक कूस. शेजारणींनी केलेलं कौतुक. आणि त्या सगळ्यात तो माणूस बसलेला होता, हे त्यांना आत्ता कळत होतं.  सून पाणी घेऊन आली. त्यांनी ते उभ्यानेच प्यायलं.

"हसत म्हणाले," कंडक्टर घाईघाईने म्हणाले. "रागाने नाही वहिनी. हसत होते ते."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "मी वरून बघत होते."

रविवारी हॉलचं कुलूप निघालं. माणसं खुर्च्यांवर बसली, काही दाराशी उभी राहिली. सेक्रेटरींनी घसा साफ करत जबाबदारीचा विषय काढला. दीर पुढच्या रांगेत होता. तो बोलला, आणि त्याचा आवाज भरून आला. तो वाईट माणूस नव्हता. लहानपणी ह्याच भावाने त्याला खांद्यावर बसवून फिरवलं होतं. वहिनींनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग त्या उठल्या. चार माणसांसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि त्या सगळा वेळ दिराकडेच बघत बोलल्या.

"भाऊजी, त्यांना कुणी ओढून नेलं नव्हतं. बूट स्वतः चढवायचे ते. मीच एकदा अडवलं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत." त्या थांबल्या. "हॉल उघडा ठेवा. माझी काही तक्रार नाही."

एवढं म्हणून त्या खाली बसल्या. दिराने तोंडावर रुमाल धरला. मग तो उठून वहिनींच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला. सेक्रेटरींनी इकडेतिकडे बघितलं. मग हॉल उघडा ठेवायचा असं वहीत लिहून घेतलं.

मंगळवारी सिस्टर आली तेव्हा हॉलमध्ये पूर्वीच्या निम्मी माणसंही नव्हती. मास्तरीणबाई आल्या होत्या. कंडक्टर आले, पण पुढे न जाता दाराजवळ बसले. आणि सगळ्यांच्या नंतर वहिनी आल्या. कुणी त्यांना या म्हणालं नाही, का आलात असंही विचारलं नाही. मागच्या रांगेत त्यांना जागा होती.

सिस्टरने नेहमीसारखी सुरुवात केली. पाठ सरळ. पाय जमिनीवर. श्वास घ्या. मग म्हणाली, उजवा हात सावकाश वर. सगळ्यांचे हात वर गेले. वहिनींनीही हात उचलला, आणि तो खांद्याशी येऊन अडला. पुढे जाईना. त्यांनी जोर लावला तशी खांद्यातून कळ निघून मानेपर्यंत गेली. याच खांद्यावर भार घेऊन त्या एका धडधाकट बांध्याच्या माणसाला सकाळ-संध्याकाळ उठवत, बसवत आल्या होत्या, आणि तो कधी आखडून गेला हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

सिस्टरने ते पुढून बघितलं. ती मोजता मोजता क्षणभर थांबली, मग पुन्हा मोजू लागली, जरा सावकाश.

बाकीचे हात डोक्यावर सरळ उभे होते. वहिनींचा हात तेवढा खांद्याच्या रेषेत, समोर धरलेला. त्यांनी तो खाली घेतला नाही.